बॅरेक नंबर १२ मध्ये जे मिळतं ते बाकीच्या कैद्यांना का नाही?

चिंचपोकळी_पूर्व

आर्थर रोड तुरुंगातल्या बॅरेक नंबर १२ ची जेवढी चर्चा परदेशी कोर्टांत झाली, तेवढी मुंबईतल्या दुसऱ्या कुठल्या खोलीची झाली नसेल. २०१८ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टात विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाची सुनावणी सुरू होती; भारतात आणल्यावर त्याला याच बॅरेकमध्ये ठेवणार होते. न्यायाधीशांनी सांगितलं, बॅरेकचं चित्रीकरण दाखवा, आत उजेड किती येतो ते मला बघायचंय. आपल्या सरकारने ते पाठवलं. २०२१ मध्ये नीरव मोदीच्या वेळी पुन्हा तीच बॅरेक. २०२५ मध्ये मेहुल चोक्सीसाठी बेल्जियमला लेखी हमी गेली: माणशी किमान तीन चौरस मीटर मोकळी जागा, गादी, उशी, चादर, पांघरूण, डॉक्टर, रोज मोकळ्या हवेत फिरायला वेळ.

हा तीन चौरस मीटरचा आकडा युरोपियन मानवी हक्क न्यायालयाचा आहे. मुर्शिच विरुद्ध क्रोएशिया या २०१६ च्या निकालात त्यांनी म्हटलं की सामायिक कोठडीत माणशी याहून कमी जागा असेल तर ती अमानुष वागणूक आहे असं धरूनच चालायचं, आणि तसं नसल्याचं सरकारने सिद्ध करायचं. म्हणून तिथली कोर्टं माणूस आपल्या ताब्यात देण्याआधी मोजपट्टी काढतात.

आपल्या मापात तीन चौरस मीटर म्हणजे ३२ स्क्वेअर फूट. आणि मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट अशी की केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत बॅरेकमधल्या माणसासाठी ३.७१ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ४० फूट सांगितलेत. युरोपच्या किमान मर्यादेपेक्षा आपलाच कागद जास्त उदार आहे.

आता प्रत्यक्ष. आर्थर रोडची अधिकृत क्षमता वर्षानुवर्षं ८०४ होती आणि आत अडीच-तीन हजार माणसं असायची. एकासाठी आखलेल्या जागेत तिघं-चौघं. देशभराचा २०२२ अखेरचा सरकारी आकडा सांगतो की १०० जणांच्या जागेत १३१ जण होते, आणि एकूण ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला तेव्हा संपलेला नव्हता. म्हणजे चारातले तीन जण कायद्याच्या नजरेत निर्दोष होते.

मी हे लिहायला बसले त्याला कारण आहे. आमच्या चाळीतला एक मुलगा मोबाईल चोरीच्या गुन्ह्यात आत आहे. त्याने चोरी केली की नाही हे मला माहीत नाही, ते कोर्ट ठरवेल. त्याला जामीन मिळालाय. पंधरा हजारांचा जामीनदार हवा. आई घरकामं करते, वडील नाहीत, आणि ओळखीत कोणाकडे स्वतःच्या नावाचं घर किंवा पगाराची स्लिप नाही. म्हणून कोर्टाने सोडायला सांगितलेला मुलगा महिनोन्‌महिने आत बसलाय. त्याच्या आईबरोबर मुलाकातीला गेले होते. काचेपलीकडे उभा होता. दोन्ही हातांना बोटांच्या बेचक्यांत खरूज, कोपरापर्यंत चढलेली. सांगत होता, रात्री कुशीवर झोपतो, आणि कूस बदलायची तर शेजारच्यालाही उठवावं लागतं.

सरकारला माणसाला नीट कसं ठेवायचं हे माहीत आहे, जमतं आहे, आणि ते लिहून द्यायचीही तयारी आहे. मग ती हमी हजारो कोटी बुडवून पळालेल्यालाच का? या मुलाने काय करायला हवं होतं?

---

डिलाईल_रोड

ताई, मुलाबद्दल वाईट वाटलं. पण मोजमापाचा मुद्दा मला पटत नाही. आमचे आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागले तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जण राहायचे. पाळीनुसार झोपायचे. एकाची रात्रपाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळायची. त्यांनी कोणता गुन्हा केला होता? आजही या शहरात लाखो कष्टकरी माणसं माणशी चाळीस फुटांपेक्षा कमी जागेत राहतात. कैद्याला त्यांच्यापेक्षा जास्त जागा मागणं त्या माणसांना काय वाटेल याचा विचार करा.

---

पुन्हा_डोंबिवली

मी इथे बरीच वर्षं वाचतो, लिहीत नाही. या धाग्यावर लिहावंसं वाटलं कारण मी आत राहून आलोय. मुंबईजवळच्या एका तुरुंगात होतो, नाव देत नाही. पुढे निर्दोष सुटलो.

डिलाईल_रोड, तुमच्या आजोबांच्या खोलीला दार होतं आणि ते आतून उघडायचं. उकडलं तर ते गॅलरीत झोपत असतील, गच्चीवर जात असतील, नाक्यावर चहाला जात असतील. पटलं नाही तर खोली सोडता येत होती. आत संध्याकाळी लवकर बॅरेक बंद होते ती सकाळीच उघडते. मधले बारा-तेरा तास तुम्ही, तुमच्या दोन्ही बाजूची माणसं आणि डोक्यावर रात्रभर जळणारे दिवे. ते विझवत नाहीत, पहाऱ्यासाठी लागतात. पहिले काही आठवडे मी डोळ्यांवर शर्ट बांधून झोपायचो.

जेवण दुपार टळतानाच येतं. संध्याकाळच्या गिनतीच्या आधी वाटप उरकायचं असतं. वरणाचं पाणी, भाजी, चपात्या. ज्याच्या घरून मनीऑर्डर येते तो कॅन्टीनमधून फरसाण, बिस्किटं घेतो, साबण घेतो. ज्याची येत नाही तो दुसऱ्यांचे कपडे धुतो, भांडी घासतो, संडासच्या बाजूची जागा घेतो. पैसा नसलेला माणूस आत पहिल्या दिवशी ओळखू येतो.

माझ्या शेजारी झोपणाऱ्या काकांना मधुमेह होता. पायाला जखम झाली. तुरुंगातल्या डॉक्टरने बाहेरच्या हॉस्पिटलला न्यायचं लिहून दिलं. पण बाहेर न्यायला एस्कॉर्ट, म्हणजे सोबतीला पोलीस लागतात, आणि एस्कॉर्ट बंदोबस्ताला. गणपती आले, मग नवरात्र आलं, मग निवडणूक. गाडी आली तेव्हा पायाची दोन बोटं कापावी लागली. त्यांच्यावर चेक न वटल्याची केस होती.

जागेचं गणित मला कळतं. पण खरं सांगू का, जागेपेक्षा हे "कोणी यायचं बाकी आहे" जास्त खातं. डॉक्टर यायचाय, गाडी यायचीय, तारीख यायचीय, वकील यायचाय.

---

डिलाईल_रोड

पुन्हा_डोंबिवली, तुमचा दाराचा मुद्दा बरोबर आहे. तो माझ्या डोक्यात आला नव्हता.

---

घाटकोपर_४

मला एक प्रामाणिक प्रश्न आहे. २६/११ च्या रात्री माझा मित्र सीएसटीला होता, तो वाचला, त्याच्या शेजारचा माणूस वाचला नाही. त्यानंतर आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो की कसाबला आत बिर्याणी मिळते. तेव्हापासून कैद्यांचे हक्क म्हटलं की माझं मन घट्ट होतं. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांना तुम्ही काय सांगाल?

---

फोर्ट_वकील

घाटकोपर_४, आधी बिर्याणीचं सांगतो. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतः २०१५ साली जाहीरपणे सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला दिलीही गेली नव्हती. आरोपीबद्दल सहानुभूतीची लाट तयार होतेय असं वाटल्यामुळे ते वाक्य आपण तयार केलं, असं त्यांनी म्हटलं. खटला रीतसर चालला, त्याला वकील दिला गेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झालं, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. त्याला आर्थर रोडमध्ये नियमाने ठेवलं म्हणून शिक्षा एका दिवसानेही कमी झाली नाही, आणि जगात कोणी त्या खटल्याला तमाशा म्हणू शकलं नाही. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो.

आता कायदा, थोडक्यात. भारत १९७९ साली नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. त्याचं दहावं कलम म्हणतं की स्वातंत्र्य हिरावलेल्या प्रत्येकाला माणुसकीने आणि प्रतिष्ठेने वागवायचं, आणि खटला चालू असलेल्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळं ठेवायचं. संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांसाठीचे किमान नियम १९५५ चे. डिसेंबर २०१५ मध्ये ते नव्याने मंजूर झाले आणि सत्तावीस वर्षं कैदेत काढलेल्या नेल्सन मंडेलांचं नाव त्यांना दिलं. एकूण १२२ नियम आहेत. पंधरा दिवसांहून जास्त सलग एकांतवास नको, आणि कैद्याला बाहेरच्या नागरिकाच्या तोडीचे उपचार, तेही सरकारी जबाबदारीवर. डोंबिवलीच्या मित्राने सांगितलेल्या काकांची दोन बोटं या शेवटच्या नियमात येतात. छळाविरुद्धच्या करारावर मात्र आपण १९९७ साली सही केली आणि अजून तो मंजूर केलेला नाही. ही गोष्ट दर अधिवेशनात विचारली गेली पाहिजे.

आपल्या घरचा कायदाही कच्चा नाही. सुनील बत्रा प्रकरणात १९७८ आणि १९७९ साली न्या. कृष्णा अय्यर ज्यांत होते त्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठांनी सांगितलं की कैदी झाला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. दुसरं प्रकरण तर तिहारमधल्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेल्या पत्रावरून उभं राहिलं. हुसैनारा खातून प्रकरण, १९७९: बिहारमधले कच्चे (खटला चालू असलेले) कैदी, ज्यांनी गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षा जास्त काळ आत काढला होता.

आणि मुंबईचं एक उदाहरण, जे वकिलांनाही फारसं आठवत नाही. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे मराठी विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवू दिलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ साली ते जिंकले. नियमांत पुस्तक छापायला बंदी नाही तर ती सरकारला मनाने घालता येणार नाही, असा निकाल लागला. कैद्याच्या हक्कांची आपल्याकडची ही अगदी सुरुवातीची लढाई, आणि ती मराठी पुस्तकासाठी झाली.

चिंचपोकळी_पूर्व, मुलाच्या जामिनाबद्दल वेगळा प्रतिसाद देतो. सविस्तर लिहावं लागेल.

---

दादर_पश्चिम

संझगिरींचं वाचून आनंद झाला. मीही एक मुंबईची आठवण टाकते.

१९८२-८३ च्या सुमारास शीला बारसे या पत्रकार बाईंनी परवानगी काढून मुंबईच्या तुरुंगात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस लॉकअपमध्ये आम्हाला मारहाण झाली. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्या. भगवतींनी त्या पत्रालाच याचिका मानलं. शहानिशा करायला कोणाला पाठवलं? निर्मला निकेतनच्या संचालक डॉ. देसाईंना. मी तेव्हा समाजकार्य शिकत होते आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता. एका समाजकार्याच्या कॉलेजला देशातलं सर्वोच्च न्यायालय सांगतंय की जा, आत जा, बायकांशी एकांतात बोला आणि आम्हाला कळवा.

१९८३ च्या निकालात जे आदेश निघाले ते आज आपण गृहीत धरतो. बायकांसाठी वेगळे लॉकअप, महिला पोलिसांच्या पहाऱ्यात. बाईची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच. अटक झाली की जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवायचं. शहरातल्या न्यायाधीशांनी लॉकअपना अचानक भेटी द्यायच्या.

तरीही जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात एका कैदी बाईचा मृत्यू झाला. आरोप असा की अंडी आणि पाव कमी पडल्याची तक्रार केली म्हणून तुरुंगातल्याच कर्मचाऱ्यांनी तिला मारलं. सहा जणींना अटक झाली. आतल्या इतर बायका गच्चीवर चढून ओरडल्या, म्हणून बाहेर कळलं. आदेश होते, भेटी द्यायच्या होत्या, सगळं होतं. ते आदेश रोज कोणीतरी तपासायला हवेत, नाहीतर त्यांना काही अर्थ राहत नाही.

---

खाकी_कॉलनी

माझे वडील कारागृह शिपाई म्हणून निवृत्त झाले. या धाग्यावर त्यांच्या बाजूचं कोणी लिहिणार नाही म्हणून लिहिते.

वडिलांनी कधी कोणावर हात उचलला नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण शेकडो माणसांच्या बॅरेकवर हातावर मोजण्याइतके शिपाई. रजा मागितली की "बदली माणूस आण". आत टीबी पसरला की तो आमच्या क्वार्टर्समध्येही यायचा. मे २०२० मध्ये आर्थर रोडमध्ये कोरोना पसरला तेव्हा पहिल्याच फेरीत ७७ कैद्यांबरोबर २६ कर्मचारीही पॉझिटिव्ह निघाले होते. कैद्याला हवा नाही तिथे शिपायालाही हवा नाही. वडील म्हणायचे, गर्दी कमी करा, माझी निम्मी भांडणं आपोआप मिटतील. पाण्यावरून, संडासच्या रांगेवरून, पंख्याखालच्या जागेवरून रोजची मारामारी.

कर्मचाऱ्यांना दोष द्या, जिथे द्यायचा तिथे द्याच. भायखळ्याच्या त्या प्रकरणात माझे वडील दोन दिवस जेवले नव्हते. पण भरती होत नाही, त्याचाही जाब विचारा.

---

विरार_स्लो

मी विरुद्ध बाजूने लिहितोय आणि कोणाला दुखवायचं नाही.

माझ्या मावशीची पर्स लोकलच्या दारातून हिसकावली. ती खाली पडली. पाय गुडघ्यापासून गेला. मावशी शिवणकाम करायची, मशीन पायाचं होतं. आरोपी आत आहे. इथे त्याच्या गादीची, उशीची, ३२ फुटांची चर्चा वाचताना मला त्रास होतो. मावशीला कृत्रिम पाय बसवायला आम्ही नातेवाइकांत वर्गणी काढली. तिच्या हक्कांचा धागा कोण काढणार?

---

चिंचपोकळी_पूर्व

विरार_स्लो, तुमच्या मावशीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तिच्या हक्कांचा धागा जरूर काढा, मी त्यावर लिहीन. पीडितांना नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात आहे, फोर्ट_वकील सांगू शकतील.

फक्त एक विचारते. खटल्याचं काय झालं? साक्ष झाली का?

---

विरार_स्लो

नाही झाली. मावशी काठी घेऊन प्रत्येक तारखेला जाते. कधी आरोपीला आणलंच नाही, पोलीस नाहीत म्हणे. कधी व्हिडिओवर आणला तर आवाज येत नाही. पुढची तारीख. एकदा त्याचा वकीलच बदलला.

---

पुन्हा_डोंबिवली

विरार_स्लो भाऊ, तुमची मावशी कोर्टात ज्या एस्कॉर्टची वाट बघते, त्याच एस्कॉर्टची वाट ते मधुमेहाचे काका बघत होते. मी स्वतः कितीतरी तारखांना सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून गेटजवळ बसलोय आणि दुपारी परत बॅरेकमध्ये पाठवलंय. माझ्या केसमधला फिर्यादीही तिकडे ताटकळत असेलच. गुन्हा ज्याने केला त्याला शिक्षा होऊ दे, लवकर होऊ दे. निकालाआधीच वर्षानुवर्षं खरूज आणि संडासच्या कडेची झोप ही शिक्षा कुठल्या कलमात आहे?

---

विरार_स्लो

आरोपीबद्दल मला दया वाटत नाही आणि वाटणारही नाही. पण त्याला तारखेला हजर करा, हे माझं म्हणणं तुमच्यासारखंच आहे. तेवढ्यापुरतं माझं नाव तुमच्या बाजूला धरा.

---

गावकुसाबाहेर

मी पारधी समाजातली. मुंबईत आमची माणसं फुटपाथवर, पुलाखाली राहतात हे तुम्ही पाहिलं असेल. गजरे विकतात, सिग्नलवर लिंबू-मिरची विकतात.

इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून आमच्या आख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो कायदा गेला पण पोलीस ठाण्यातल्या वहीतून आम्ही गेलो नाही. कुठे चोरी झाली की आमच्या पालावर गाडी. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात ना, तसं आमच्यात रोज होतं. आणि आत गेलेल्याचा जामीन? रेशन कार्ड नाही, पत्ता नाही, भाड्याची पावती नाही. कोर्ट म्हणतं, फरार होईल. ज्याला घर नाही तो पळून कुठे जाणार?

३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल इथे कोणी सांगितला नाही म्हणून सांगते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवरचा. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमांत जातीवरून कामं वाटलेली होती. झाडू आणि संडास खालच्या मानलेल्या जातींना, स्वयंपाक वरच्यांना. भटक्या-विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार धरणारी कलमं होती. न्यायालयाने हे सगळं घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. हा निकाल २०२४ चा आहे, १९२४ चा नाही.

माझा भाऊ आत असताना त्याला पहिल्या दिवशी आडनाव विचारलं आणि झाडू दिला. कुठल्या तुरुंगात ते लिहीत नाही.

---

निळी_पेन्सिल

वाचतेय. गावकुसाबाहेर, लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

---

घाटकोपर_४

माझं मन घट्ट होतं म्हटलं होतं. फोर्ट_वकीलांचं बिर्याणीचं वाचून मी मित्राला फोन केला, सीएसटीच्या. त्यालाही माहीत नव्हतं. त्याचं म्हणणं, खटला नीट चालला हेच त्याला पुरेसं आहे, बाकी त्याला आठवायचंही नाही.

पण मला अजून एक विचारायचंय. आत आजारी असणारे जामिनासाठी ढोंग करतात असंही होतं ना? नेते मंडळी तर अटक झाली की लगेच छातीत दुखतं म्हणून हॉस्पिटलात.

---

दादर_पश्चिम

होतं. आणि ज्यांच्याकडे वजन आहे त्यांचं दुखणं लगेच ऐकलं जातं म्हणूनच बाकीच्यांचं खरं दुखणं ढोंग ठरतं. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी फादर स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे, पार्किन्सन्सने हात थरथरत. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना तळोजा तुरुंगात आणलं. पाणी पिता यावं म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा, यासाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला आणि त्यावर आठवडे गेले. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ते गेले, खटला उभाच राहिला नव्हता. तळोज्यातच त्याच प्रकरणातले आरोपी गौतम नवलखांचा चष्मा हरवला तेव्हा घरून आलेलं नव्या चष्म्याचं पार्सल तुरुंगाने परत पाठवलं होतं, आणि मुंबई हायकोर्टाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. या दोघांच्या राजकारणाशी तुमचे हजार मतभेद असू देत. चष्मा आणि पाण्याची नळी यात राजकारण कुठून आलं?

आणि निर्दोष सुटणाऱ्यांचं. २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक जण २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात वारला होता. सर्वोच्च न्यायालयात अपील चालू आहे, निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगितीही आहे, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलेलं नाही. एकोणीस वर्षं. ज्यांची माणसं त्या गाड्यांत गेली त्यांना अजून उत्तर नाही, आणि ज्यांनी एकोणीस वर्षं काढली त्यांनाही नाही.

---

संपादक मंडळ

चालू खटल्यांतल्या आरोपींबद्दल निकालाआधी दोषी-निर्दोष अशी मतं लिहू नयेत. धागा मूळ विषयावर ठेवावा. आतापर्यंतच्या संयमाबद्दल सगळ्यांचे आभार.

---

फोर्ट_वकील

चिंचपोकळी_पूर्व, मुलाबद्दल. असे बरेच जण आहेत म्हणून इथेच लिहितो.

मोतीराम प्रकरणात, १९७८ साली, एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार आणायला सांगितला होता, तोही त्याच जिल्ह्यातला. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बदलून हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) त्याला सोडायला सांगितलं. गरिबाला परवडणार नाही असा जामीन म्हणजे जामीन नाकारल्यासारखंच आहे, हा त्याचा गाभा. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशांत स्पष्ट वेळापत्रकच आहे. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकाला ई-मेलने गेला पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि प्राधिकरणाने माणूस पाठवून अडचण बघायची. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं.

आता करायचं काय. वकिलाने त्याच कोर्टात अर्ज करावा की जामीनदाराऐवजी तात्पुरता कॅश बेल द्या. मुंबईतली कोर्टं हा देतात. थोडी रक्कम रोख भरून मुलगा बाहेर येतो आणि जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत मिळते. तेवढीही रक्कम नसेल तर रक्कम कमी करून जातमुचलक्यावर सोडण्याची मागणी. अर्जाला आईचं प्रतिज्ञापत्र जोडा: काय काम करते, महिन्याला किती मिळतं, घर कोणाच्या नावावर. चाळ कमिटीचं पत्र घ्या की मुलगा इथलाच रहिवासी आहे. जामीनदार शोधायचाच असेल तर कोर्ट रेशन कार्ड, पगाराची स्लिप किंवा घराची कागदपत्रं मागतं, काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही. मात्र कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. कागद खोटे निघाले तर मुलावर दुसरी केस.

वकील नसेल तर कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन १५१००. केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, तीत जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते. जिल्हा समितीकडून जावं लागतं, वेळ लागतो, पण अर्ज करून ठेवा. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग, अमली पदार्थ अशा गुन्ह्यांना ती लागू नाही. टीसच्या (टाटा समाजविज्ञान संस्थेच्या) 'प्रयास' प्रकल्पाचे कार्यकर्ते १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत काम करतात, त्यांच्याशीही बोला. गावकुसाबाहेर, पत्त्याचा पुरावा नसलेल्यांची कामं त्यांनी केलेली आहेत.

आणि ज्यांना जामीनच मिळालेला नाही त्यांच्यासाठी: जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर सोडायचं. बाकीच्यांना निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना नाही, आणि एकाहून जास्त केसेस असतील तरीही नाही. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे जुन्या केसेसनाही लागू. चोरीला कमाल तीन वर्षं धरली तर पहिल्या गुन्ह्यात वर्षभराने हा हक्क उभा राहतो. तुमच्या मुलाला तिथवर थांबायची वेळ येऊ नये.

खरूज सोडू नका. त्याच कोर्टात वैद्यकीय तपासणीचा छोटा अर्ज द्या, अहवाल मागवा. लेखी मागितलं की हालचाल होते.

विरार_स्लो, मावशींसाठी पीडित नुकसानभरपाई योजनेचा अर्जही विधी सेवा प्राधिकरणाकडेच करायचा असतो, खटला संपेपर्यंत थांबावं लागत नाही. आणि रेल्वेतल्या पडण्याबद्दल रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे वेगळा दावा होतो. त्याला मुदत असते, म्हणून या आठवड्यातच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

विरार_स्लो

व्यनि केलाय. रेल्वेचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

---

चिंचपोकळी_पूर्व

फोर्ट_वकील, आईला घेऊन प्राधिकरणात गेले होते. वकीलबाई मिळाल्या. कॅश बेलचा अर्ज आणि तपासणीचा अर्ज दोन्ही दिलेत, पुढच्या मंगळवारी तारीख आहे. चाळ कमिटीच्या सेक्रेटरींनी आधी पत्र द्यायला नकार दिला, चाळीचं नाव खराब होतं म्हणाले. मग चाळीतल्या बायका एकत्र गेल्या. पत्र मिळालं.

त्या वकीलबाई म्हणाल्या, जामीन मिळूनही न सुटलेले त्यांच्याकडे असे बरेच आहेत. नेमके किती, हे मला आता जाणून घ्यायचंय. माहिती अधिकारात विचारता येईल का?

---

दादर_पश्चिम

येईल. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर परत येतो. म्हणून जागा, डॉक्टर, जामीन असं एकत्र करू नका. पहिला अर्ज फक्त इतका करा: मुंबईतल्या कारागृहांत जामिनाचा आदेश होऊन सात दिवसांपेक्षा जास्त काळ सुटका न झालेले कैदी किती, आणि त्यांपैकी किती जणांबद्दल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवलं. दुसरा अर्ज मी माझ्या नावाने करते, प्रत्येक बॅरेकचं क्षेत्रफळ आणि त्यात ठेवलेल्या माणसांची संख्या मागते, बॅरेक १२ धरून.

---

खाकी_कॉलनी

तिसरा माझ्या नावाने. शिपायांची मंजूर पदं किती, भरलेली किती. वडिलांना सांगितलं, ते म्हणाले कुठल्या शाखेकडे पाठवायचा ते मी सांगतो.